भावकी नव्या डिस्कवर

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, तळेघरहून एसटीने आले तेव्हा त्यांच्या मांडीवर काकीच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. आत कॉम्प्युटरचा डबा आणि वर नारळ. वारूळवाडीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात लोक प्रिंटर उशीच्या खोळीत घालून आणतात, पण नारळासकट मशीन पहिल्यांदाच आलं.

"बाय, ह्याच्यातलं समदं नव्या डब्यात हलव. पोरीची पत्रिका छापायचीय."

लग्न ठरलं होतं, अडलं होतं ते पत्रिकेवरच्या नावांवर. आमच्या भावकीत एकशे चाळीस नावं छापतात, आणि कोण कोणाच्या वर हे ठरवायला पाच वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळात दोन दिवस बैठक बसली होती. ती यादी तात्यांच्या मशीनमध्ये, एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये होती. तो प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर भावकीच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. जुनं मशीन तर पाच मिनिटांत तापून बंद पडायचं. मागच्या लग्नांच्या पत्रिका घरोघर होत्या, पण प्रत्येक घर आपल्या सोयीची पत्रिका काढून दाखवत होतं. एकदा एक नाव 'आपले नम्र'मधून 'प्रेषक'मध्ये घसरलं, ते घर अजून आमच्या मांडवात पाणी पीत नाही.

मी डबा उघडला आणि बघतच राहिले. आत हळदीचे तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याची पानं. काकी दर दसऱ्याला मशीनची पूजा करायची आणि सीडीच्या फटीतून अक्षता आत सोडायची.

"म्हणून तापतंय हे," मी वैतागून ब्रश उचलला.

"थांब. तिनं घातल्यात त्या."

काकी जाऊन तीन वर्षं झाली होती. मी ब्रश खाली ठेवला.

"मग काय करू, तात्या?"

"सिस्टीम हलवतीयास ना? ह्या बी हलव."

मी बरीच हुज्जत घातली. शेवटी अक्षतांची पुडी बांधली आणि नव्या डब्यात, पंख्यापासून लांब, टेपने चिकटवली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असला पार्ट मी कधी बसवला नव्हता.

मग जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवली. दुपारभर तात्या स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकताना हात जोडून बघत बसले. मशीन चालू केलं तर निळा पडदा. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा.

"नव्या घरात देवाला बसाया येळ लागतो," म्हणत तात्यांनी माझ्या उंबऱ्यावर नारळ फोडला. तेवढ्यात मी डिस्कचं सेटिंग जुन्या पद्धतीवर नेलं आणि सिस्टीम सुरू झाली. सगळं श्रेय अर्थातच नारळाला गेलं.

यादी उघडली. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस माणसं आपापल्या मानाच्या जागी होती. अगदी वरच्या ओळीत तात्या, आणि त्यांच्या शेजारी 'सौ.' लावून काकी.

"तात्या, इथं आता कै. करावं लागेल," मी हळूच म्हणाले.

तात्यांनी माझा हात माउसवरून बाजूला केला.

"बैठकीत ठरलेली यादी हाय ही. बदल करायचा तर परत बैठक घ्यावी लागंल. हाय तशी छाप."

मला तात्यांचा राग आला, कारण भावकी येऊन भांडणार होती ती माझ्याशी. पण पत्रिका तशीच छापली.

आठव्या दिवशी भावकीतले सगळ्यात वडीलधारे आबा पत्रिका घेऊन दुकानात हजर. ह्यांच्यापुढे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. काठी टेबलाला टेकवून ते बसले आणि वरपासून एकेका नावावर बोट ठेवत खाली आले. अकराव्यावर बोट आपटलं.

"मी धाव्वा पाहिजे व्हतो! कुणी केलं ह्ये?"

"यादी जशीच्या तशी आहे, आबा. पहिली ओळसुद्धा," मी भीत भीत म्हणाले.

आबांनी बोट परत वर नेलं. काकीच्या नावावर ते थोडा वेळ थांबलं.

"पयली वळ बराबर हाय," ते म्हणाले. "धाव्व्याचं बोल."