विमानाने गेलेली पोरं

माझं माहेर कऱ्हाडकडचं. लग्न होऊन मालवणला आले तेव्हा मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. आमचे हे व्यायामशिक्षक. साठ साल नुकतंच उलटलं होतं, किनाऱ्यावर नवं कॉलेज निघालं होतं आणि तिथे खेळ शिकवायला माणूस हवा होता, म्हणून आम्ही घाट उतरून खाली आलो. कॉलेजची इमारत अर्धीच उभी होती. मैदान म्हणून जी जागा दाखवली तिथे जांभा दगड वर आलेला. त्यावर कबड्डी खेळायची तर कुणाचे गुडघे शिल्लक राहिले नसते.

ह्यांनी मग समुद्राची वाळू धरली. ओहोटी लागली की ओल्या वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढायच्या आणि भरतीचं पाणी त्या पुसून टाकेपर्यंत खेळायचं. मी बांधावर बसून तांदूळ निवडता निवडता बघायची. घाटावरच्या काळ्या मातीत खेळणारी माणसं मी पाहिली होती, पण ओल्या वाळूत पाय रुतत असताना वाऱ्यासारखी पळणारी ही पोरं काही वेगळीच होती.

संघ त्यांनी कसा जमवला ते सांगण्यासारखं आहे. एकदा आम्ही दोघं रापण बघत उभे होतो. समुद्रात लांबवर टाकलेलं जाळं दोन्ही बाजूंनी माणसं दोराने किनाऱ्यावर ओढत आणतात, ती रापण. मी मासळी किती आली ते बघत होते. हे बघत होते पाय. एका मुलाकडे बोट करून म्हणाले, तो बघ, मागे सरकतो पण टाच उचलत नाही. तो मुलगा तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाचा. आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता आणि कबड्डीचं नावही काढत नव्हता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्याला बोलावून घेतलं. तोच पुढे कप्तान झाला आणि मग सगळा गाव त्याला कप्तानच म्हणू लागला.

कप्तान लहानपणापासून खडकांवरची कालवं काढायला पाण्यात बुड्या मारायचा, त्यामुळे त्याचा दम विलक्षण होता. समोरच्या अंगणात तो चढाईला गेला की त्याचा आवाज एका सुरात चालू राहायचा, वर नाही की खाली नाही. पकडीला होता एका कातोलिक मास्तरांचा मुलगा, उंच आणि शांत. रविवारी चर्चमधून थेट यायचा, इस्त्रीची पँट घडी करून दगडावर ठेवायचा आणि मग वाळूत लोळायला मोकळा. एक वालावलचा होता. तो एरवी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही, पण खेळात सगळ्यांवर ओरडायचा. आणि एक जामसंड्याचा, सगळ्यात तोंडाळ. तो माझ्या कऱ्हाडी बोलण्याची नक्कल अशी करायचा की माझी मलाच ओळख पटावी.

खेळ झाला की सगळे आमच्याकडे जेवायला. मला मासे करता येत नव्हते, म्हणून मी पिठलं-भाकरी करायची. पोरं मुकाट्याने खायची, पण एकमेकांकडे बघून हसायची. शेवटी एक दिवस कप्तान बांगडे घेऊन आला आणि सोबत आईलाही. ती बाई स्वयंपाकघरात बसली, मला बांगडा कसा साफ करायचा ते दाखवलं, आणि माझ्या मसाल्याचा वास घेऊन म्हणाली, ह्यात तिरफळ खंय आसा? माशाच्या कालवणात तिरफळ घालतात हेही मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ती माझी झाली. मला ती ‘चेडवा’ म्हणायची, म्हणजे मुली. पोरं मला वैनी म्हणायची. त्या परक्या गावात माझ्याशी नातं जोडलं ते या लोकांनी.

त्या पोरांचा एक सामना मी स्वतः पाहिला. कोल्हापूरला कॉलेजांचा अंतिम सामना होता, मीही हट्टाने गेले होते. शेवटची मिनिटं, गुण बरोबरीत. समोरचा गडी चढाईला आला आणि परत जाता जाता त्याचं बोट कप्तानाच्या खांद्याला निसटतं लागलं. पंचांना दिसलं नाही. प्रेक्षकांनाही नाही. कप्तानाने हात वर केला आणि सरळ चालत बाहेर जाऊन बसला. आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या एसटीत मला वाटलं, आता हे त्याला काहीतरी बोलतील. हे उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि मालवण येईपर्यंत तिथेच बसून राहिले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर आम्ही जिंकलो, आणि हरलेला संघ आमच्या पोरांना खांद्यावर घेऊन नाचला.

त्या विजयामुळे आसामकडून एका स्पर्धेचं निमंत्रण आलं. दिवाळीच्या सुटीआधीची स्पर्धा होती. पोरांनी कधी पुणं पाहिलेलं नव्हतं, ती आता देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. जामसंड्याच्या मुलाला मात्र नेमका विषमज्वर झाला. डॉक्टरांनी त्याला अंथरुणातून उठायची मनाई केली. तो इतका रडला की हे मुद्दाम जामसंड्याला जाऊन त्याच्या उशाशी बसून आले.

स्पर्धेत आमची पोरं उपान्त्य फेरीपर्यंत गेली. परतीच्या वेळी तिकडे पावसाने रेल्वेचा पूल वाहून गेला. नरकचतुर्दशीला इथे चावदिस म्हणतात, त्या दिवशी पहाटे तुळशीपुढे कारीट हे कडू फळ फोडून घराघरांतून पोहे खायचे असतात. पोरांना तोपर्यंत घरी पोचायचं होतं. तिथल्या लोकांनी कलकत्त्यापर्यंत एका मालवाहू विमानात जागा मिळवून दिली. ह्यांनी कॉलेजला तार केली, विमानाने निघत आहोत.

ती तार प्राचार्यांनी सगळ्यांच्या घरी कळवली. गावातलं कुणी विमानात बसलेलं नव्हतं. कप्तानाची आई बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली. मला येऊन विचारलं, विमानात कानांत कापूस घालावा लागतो म्हणतात ते खरं का? मी म्हटलं, मला काय ठाऊक, आले की त्यांनाच विचारू. आम्ही दोघी हसलो.

दोन दिवसांनी दुपारी प्राचार्य आणि त्यांच्या पत्नी दारात आले. प्राचार्यांनी चप्पल काढली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या पत्नीने माझा हात धरला, तेव्हा मला समजलं. विमान डोंगरात कोसळलं होतं. कुणी वाचलं नव्हतं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माझे वडील कऱ्हाडहून आले होते. मी भिंतीला टेकून बसलेली असायची आणि एकच विचार मनात घोळत राहायचा. विमानाने यायचं ह्यांनी ठरवलं. पोरं ह्यांच्या भरवशावर गेली होती. आता कुणाच्या आईला मी तोंड कसं दाखवू? दार वाजलं की मी उठून आतल्या खोलीत जायची.

आणि मग कप्तानाची आईच आली. माडांतून चालत, एकटी. माझ्याजवळ जमिनीवर बसली. मी कसंबसं म्हटलं, तुमची पोरं ह्यांनी नेली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“माझो घोव रोज पोरांक घेवन दर्यार जाता,” ती म्हणाली. “कधी एकादो परत येणा नाय. पण तांडेल त्याच होडयेत असता, म्हणान कोण तेका दोष देणा नाय. मास्तर पोरांवांगडाच होते. तेंनी पोरांक एकटी सोडूक नाय. माका तेवढा पुरे.”

ज्या बाईचा स्वतःचा मुलगा गेला, ती माझं ओझं उतरवायला आली होती. एवढं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही फार थोड्या वेळा पाहिलं.

ते डोंगर फार दुर्गम होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना जागेवरच अग्नी दिला. कोण कुठला हे ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. प्राचार्य स्वतः जाऊन अस्थी घेऊन आले, सगळ्यांच्या मिळून एकाच कलशात. कॉलेजात सगळी घरं जमली. त्या अस्थींचं काय करायचं, हा प्रश्न होता. कुणी म्हणालं, वाटे करावेत, प्रत्येकाने आपापल्या रीतीने करावं. सगळ्यांच्या नजरा कातोलिक मास्तरांकडे गेल्या. त्यांच्यात पुरायची रीत, आणि त्यांच्या मुलाला तर अग्नी दिलेला. ते शाळेत फार शुद्ध मराठी बोलायचे. त्या दिवशी मात्र घरच्या बोलीत बोलले.

“वाटे करू नकात, सर. पोरां एकमेकांचो हात धरून खेळली. आता आम्ही तो हात कशाक सोडवूचो?”

पकडीसाठी हातात हात गुंफून उभी राहिलेली ती पोरं सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आली असणार.

अस्थी समुद्रात सोडायचं ठरलं. होडी अर्थातच कप्तानाच्या वडिलांची. बायकांनी जायची रीत नव्हती आणि मी किनाऱ्यावर मागे उभी होते. तांडेल होडी लोटता लोटता थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, “बाय, तुझोय घोव आसा ह्यात. चढ होडयेत.” कुणी आडकाठी केली नाही. मी चढले, माझ्यामागून कप्तानाची आईही चढली. लांब गेल्यावर भटजींनी मंत्र म्हटले. मग कातोलिक मास्तरांनी टोपी काढून कोंकणीत प्रार्थना म्हटली. तांडेलाने वल्हं आत घेऊन हात जोडले होते. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्या सगळ्यांसाठी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली, आणि डोक्यावरून पदर घेतलेल्या आमच्या बायका मागच्या बाकांवर बसल्या. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते आम्ही पुढच्यांकडे बघून करत होतो.

वडील मला माहेरी न्यायला आले होते. मी गेले नाही. शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि मालवणातल्याच मुलींच्या शाळेत लागले. लोक म्हणायचे, धीराची बाई. धीर कुठून आला ते मला ठाऊक होतं.

जामसंड्याचा मुलगा बरा झाला, पण कॉलेजात परतला नाही. घरातून बाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही असं कानावर यायचं. इतकं बोलणारं पोरगं. कॉलेजात कबड्डीचं नाव कुणी काढत नव्हतं. एक दिवस तांडेलाने धुतलेला सदरा घातला आणि एसटीने जामसंड्याला गेला. तिथे काय घडलं ते त्या मुलाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तांडेल अंगणात बसून आधी मासळीबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला, चहा घेतला. निघताना मुलाला जवळ बोलावून म्हणाला, “तू रवलस ह्या बरा झाला. तुका ह्या कोणी सांगूक नसात, म्हणान मी इलंय.”

तो मुलगा सांगत होता, वैनी, तोवर माझ्याकडे बघून सगळे रडायचे. मी असल्याचा आनंद झालेला तो पहिला माणूस, आणि त्याचाच मुलगा गेलेला.

पुढच्या आठवड्यात तो कॉलेजात आला. वाळूत रेघा ओढल्या. सोबत सगळी कच्ची पोरं. पहिल्या वर्षी ती पहिल्याच फेरीत सडकून हरली, दुसऱ्या वर्षी थोडी कमी हरली. तिसऱ्या वर्षी एक सामना जिंकली आणि तेवढ्यावर अशी खूश झाली की मला हसू आवरेना. पदवी घेऊन तो देवगडकडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. शिक्षक म्हणून फार चांगला. मुलं त्याच्यावर जीव टाकायची, आणि नकला तो तेव्हाही करायचा.

सत्तर साल उजाडायच्या आत त्याचं लग्न झालं. आमंत्रण द्यायला तो प्रत्येक घरी स्वतः फिरला. आम्ही सगळे एकाच एसटीने गेलो. तांडेल आणि त्याची बायको, कातोलिक मास्तर आणि त्यांच्या पत्नी, वालावलच्या मुलाचे म्हातारे वडील, मी, आणि आणखी चार घरं. मांडवात पोचलो तर मुलाच्या आईने आमच्यासाठी पुढची जागा राखून ठेवली होती. अक्षता पडल्या, आणि नवरा-नवरी पाया पडायला निघाली. त्याने आईवडिलांना नमस्कार केला, आणि मग नातेवाइकांकडे न वळता आमच्या रांगेशी आला. एकेकापुढे वाकला, एकेकाचं नाव बायकोला सांगितलं. वालावलच्या म्हाताऱ्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडेनातच. भटजी पुढच्या विधीसाठी खोळंबले होते. मुलाच्या वडिलांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली आणि भटजी खाली बसले.

परतताना एसटीत तांडेल म्हणाला, जेवण बरं होतं. त्याची बायको म्हणाली, बरं होतं, पण सोलकढीत मीठ जास्त पडलं. कातोलिक मास्तरांच्या पत्नीने सोलकढी चांगलीच होती असं ठासून सांगितलं, आणि कणकवली येईपर्यंत दोघी त्यावरूनच बोलत राहिल्या.