एकसष्टावं वजन

संग्रहालयाच्या तळघरात बसणाऱ्या वजनवाल्या बाईंना स्वतःखेरीज कुणाचंच वाचन पटत नसे. त्यांच्या ताब्यात मध्ययुगीन इस्लामी बाजारांतली एकसष्ट कांस्य वजनं होती. बोटाच्या पेराएवढी, कोपरे छाटलेली, अंगावर अरबी अक्षरं कोरलेली. टॉर्च तिरका धरून बाई ती वाचत आणि आधीच्या अभ्यासकाने केलेल्या जुन्या यादीवर लाल रेघा ओढत. "अधिकाऱ्याचं नाव म्हणे! हा नुसता ओरखडा आहे. झोपेत वाचलंय मेल्यानं."

एक पाहुणे प्राध्यापक ओल्या कागदावर ठसे घेऊ लागले, तर बाईंनी नाक मुरडलं. "ज्यांना वाचता येत नाही, ते ठसे घेत सुटतात." स्वतः त्यांनी कधी ठसा घेतला नाही, फोटोही काढला नाही. साठ वजनं वाचून झाली. एकसष्टाव्यावर अक्षरांत साल कोरलेलं होतं, त्यावरून बाकीच्यांचा काळ ठरणार होता. पण मळाखालच्या शेवटच्या अक्षराची खात्री पटेना, म्हणून अकरा वर्षं वहीतली ती ओळ कोरी होती. पेन्सिलीनंसुद्धा काही लिहिलं नव्हतं. "अंदाजच लिहायचे तर हवामान खात्यात गेले असते."

मग नव्या साहेबांना प्रदर्शन भरवायची हुक्की आली. बाई दोन दिवस बहिणीकडे जाऊन परतल्या, तर काचेच्या कपाटात एकसष्टावं वजन लखलखत होतं.

"बघा, तोंड दिसतंय त्यात!" साहेब म्हणाले.

"तेवढंच दिसतंय. अक्कल गहाण टाकलीत की मुळात नव्हतीच?"

साहेबांनी काढता पाय घेतला. बाईंनी टॉर्च चारी बाजूंनी तिरका धरून पाहिला. सगळं सपाट झालं होतं. प्राध्यापकांचा एक ओला कागद पुरला असता, हे त्यांना आता कळलं आणि स्वतःचीच चीड आली.

साहेबांनी बोलावलेला पॉलिशवाला डबा आवरत होता. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं, "तुला काय दिसलं होतं?"

"मळ निघाल्यावर घडीभर अगदी स्वच्छ दिसलं, बाई. शेवटी गळासारखं वळण, त्याआधी करवतीसारखे दात. मग चकाकीसाठी घासलं, तसं गेलं."

"दात किती? त्यावरच साल ठरतं."

"तीन. की चार? लक्ष नव्हतं माझं."

"आठव ना रे."

त्याला त्यांची दया आली असावी. "तीनच धरा," तो म्हणाला.

बाईंनी वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या कोऱ्या ओळीत तीन दात काढले.