चार नंबरची सीडी

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. महाडला हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम दोन पावलं जास्त जोरात टाकायचे... असा तोरा! आता सत्तरी ओलांडल्यावर ती बाई आठवली की तिला एक चिमटा काढावासा वाटतो.

साल २००३. त्या वर्षी माझ्या तोऱ्यात दोन वस्तूंची भर पडली होती. घरात सीडी रायटरवाला कॉम्प्युटर आला होता आणि आमच्या ह्यांनी मुंबईच्या एका गृहस्थांची जुनी गाडी घेतली होती. गाडीच्या डिकीत सहा सीड्यांचा चेंजर! चपट्या डब्यात सहा सीड्या रचायच्या, डबा खटकन आत सारायचा आणि पुढे बसून नुसतं बटण दाबायचं. घरी राईट केलेल्या सीड्या मी शेजारपाजारच्यांना अशा वाटायचे, जणू गाणीसुद्धा मीच म्हटली आहेत.

पण घरात एक माणूस मुकं झालं होतं. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आईच म्हणायचो. अकरा महिने त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सासरचं घर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वर डोंगरातल्या वाडीवर. पावसाळ्यात तिथे असं धुकं उतरतं की अंगणातली तुळस दिसत नाही. म्हणून वाडीची एक रीत होती – गुरं घेऊन परतणाऱ्याने वरून साद घालायची आणि घरच्या बाईने अंगणात येऊन ओ द्यायची. त्या आवाजाच्या रोखाने माणूस खाली उतरणार. दारात पोचल्यावर त्याने "आलो" म्हणायचं, मगच बाई घरात जाणार. मी महाडजवळच्या नाते गावची, खालच्या भातखाचरांतली. मला ही सगळी गंमतच वाटायची.

आदल्या भाद्रपदात आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच हट्टाने महाडला करवलं. त्या म्हणत होत्या, "पाऊस उघडू दे गो, मंग बघू." मी म्हटलं, "आई, डोळे काय पंचांग बघून बिघडतात?" त्यांच्या डोळ्यावर पट्टी असताना इकडे वाडीवर सासरे संध्याकाळी धुक्यात कड्यावरून घसरले. गुरं आपली आपण घरी आली. ते आले नाहीत.

आई एवढंच म्हणाल्या, "ओ द्याया कोन नव्हतं." त्यानंतर त्यांचं तोंड मिटलं ते मिटलंच. आम्ही त्यांना महाडलाच ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही.

मग मी शहाणी कामाला लागले! संगीताने माणसं बरी होतात, असं कुठेतरी वाचलं होतं. भजनं, भारुडं, एका सीडीत तर लावण्याही घातल्या... म्हटलं, रागाने का होईना, बोलतील.

श्रावणातला रविवार ठरला. वाडीवर जायचं, शेजारी सांभाळत होता त्या दोन गाई त्यालाच देऊन टाकायच्या, घराला कायमचं कुलूप लावायचं. आईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मुक्या माणसाचं मौन मी संमती समजले.

आदल्या दिवशी सीड्या राईट करायला बसले. चौथी अर्ध्यावर असताना लाईट गेली. अर्धवट राईट झालेली सीडी गाडीच्या चेंजरला वाचताच येत नाही, कपाखाली ठेवायच्या लायकीची ती. पण वेळ वाचवायला मी सगळ्या सीड्यांवर आधीच स्केचपेनने आकडे घालून ठेवले होते. लाईट आल्यावर नवी केली, तिच्यावरही ४ लिहिला... आणि सकाळच्या घाईत डब्यात गेली नेमकी ती अर्धवट.

पोलादपूर सोडेपर्यंत तीन सीड्या थोड्या थोड्या वाजवून झाल्या. मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत होत्या. लावण्यांनासुद्धा ढिम्म! चौथी लागली आणि समोर अक्षरं आली – एरर.

"बाई, तुमची चौथी नापास," हे म्हणाले.

"गाडी चालवा तुम्ही."

उमरठच्या पुढे चढ लागला आणि धुकं आलं. भर दुपारी ह्यांनी दिवे लावले. तेवढ्यात एरर गेलं आणि आकडे पळायला लागले. आधी नुसता वारा. मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा, लांबून. आणि मग –

"होऽऽ... कुठं हाय गोऽऽ?"

ह्यांनी गाडी जागच्या जागी उभी केली. "बाबा..." एवढंच म्हणाले.

मी बटणं दाबत सुटले. एकही चालेना. दुसरी साद आली, थोडी जवळून. वळून बघते तर आईंनी काच खाली केलेली, धुकं आत येतंय, आणि त्यांचे ओठ हलतायत. पण आवाज फुटत नव्हता.

मी काय बोलले माहितेय? मी, विज्ञानाची बाई! म्हटलं, "आई, ओ द्या. ते थांबलेत."

"हितंऽऽ!" गंजलेल्या कडीसारखा आवाज. "हितं हाय वोऽऽ! हिकडं या, हिकडं!"

घंटा जवळ आल्या. तिसरी साद. आईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ओ दिली. आणि मग स्पीकरमधून, अगदी कानाशी, जरा धाप लागलेला आवाज आला –

"आलो."

आकडे थांबले. परत एरर.

हे स्टिअरिंग धरून त्या अक्षरांकडे बघत राहिले. शेवटी आईंनी पदराने नाक पुसलं आणि लेकाच्या खांद्यावर टोचलं. "काय बघतोस रे? चल की. गाया नाय द्यायच्या कुनाला. मी हाय ना."

घराला कुलूप लागलं नाही. आई वाडीवरच राहिल्या.

महाडला परतल्यावर डबा उघडला तेव्हा कळलं, कुठली सीडी आत होती ती. उलटी करून उजेडात धरली. आतला अर्धा भाग गडद, बाहेरचा कोरा. कॉम्प्युटरने ती उघडली नाही. चेंजरमध्ये मी आठ-दहा वेळा घालून पाहिली, दर वेळी एरर. सासऱ्यांचा आवाज आम्ही कधी टेपसुद्धा केलेला नव्हता. नातू म्हणतो, "आजी, रेडिओ मिसळला असेल." असेल बाबा. पण रेडिओवर आमच्या आईंना "गो" म्हणणारं कोण होतं? मी तेव्हापासून डोकं खाजवतेय, हाती काही लागलं नाही.

आई पुढे सात वर्षं जगल्या आणि अशा बोलल्या की काही विचारू नका! माझ्या भाकरीला, माझ्या चालण्याला, ह्यांच्या टकलाला, सगळ्याला नावं. एकदा वैतागून मी म्हटलं, "आई, जरा दम घ्या हो!"

"गप गो," त्या म्हणाल्या. "अकरा म्हैन्यांचं साठलंय."