तळमजल्यावरचे काका आणि दर्शनी छज्जा

परभणीतल्या सगळ्या घाबरटांची भीती एका जागी गोळा केली, तरी ती आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या काकांपुढे कमीच पडेल. बोरीतलं बियाण्यांचं दुकान बंद करून ते इथे राहायला आले, तेव्हाच आमची तीन मजली इमारत चाळिशीला टेकली होती. काका रोज सकाळी लाटण्याने समोरची भिंत ठोकत आणि कान लावून ऐकत. चपात्यांची वेळ झाली की आतून काकू ओरडत, "अहो, भिंत लाटून झाली असंल तर लाटणं द्या!" भिंतीला तडा दिसला की काका त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करायचे. तडा खुणेपुढे सरकला की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. स्कूटर कधीच विकली होती, पण फाटकापर्यंत पायी जाताना हेल्मेट डोक्यावर असेच. आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर त्यांची भीती मलाही लागली होती. वर पंखा कुरकुरला तरी मी झोपेतून दचकून उठायचो.

माझी बायको तळमजल्यावरच्याच आमच्या दाराबाहेर, मोठ्या छज्ज्याखाली शिलाई मशीन घेऊन बसे. तिथे उजेड चांगला यायचा. काका रोज खालून बांबूने छज्जा ठोकून विनवायचे, "वहिनी, तिथं नका बसू. लय पोकळ वाजायलाय तो छज्जा." ती हसून सुई ओवायची.

अखेर इमारतीची दर्शनी बाजू दुरुस्त करायचं ठरलं आणि बांबूंची परांची उभी राहिली. मिस्त्री म्हणाला, बाकीचा गिलावा काढू, छज्जा मात्र पक्का आहे, त्याला नुसता रंग लावू. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली, मीही. काका एकटेच नाही म्हणाले. मिस्त्री वैतागला, "काका, खालून बांबूनं ठोकून काय कळतंय? वर जाऊन बघा की!"

दुसऱ्या दिवशी बायको मशीन घेऊन बाहेर निघाली, तर काका खरंच परांचीवर. जिन्याची पायरीसुद्धा चाचपून चढणारा माणूस! ती दारातच थबकून ओरडली, "काका, पडाल, खाली या!" त्यांनी छज्ज्यावर लाटणं दोनदा आपटलं आणि पाटाएवढा तुकडा सुटून खाली आला, नेमका तिच्या बसायच्या जागी.

मी आणि मिस्त्री वर चढलो. काकांनी बांबूला मिठी मारली होती. त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

"वहिनी कुठं हायत?"

"दारात आहे. तिला काही झालं नाही."

"मग मला खाली न्या. लय भ्या वाटायलंय."

आता काका-काकू जिंतूरला मुलीकडे असतात. छज्जा नवा बांधला, इमारत तरणीताठी दिसते, आणि सगळे म्हणतात की आता तीस वर्षं काळजी नाही. तसं असेलही. पण आमच्या वाटची भीती वाहणारा माणूस इथून गेला, आणि बायको बाहेर बसली की आता मलाच घरात चैन पडत नाही.