लस की गोड पाणी?

देवघरातले निर्माल्य आणि दवाखान्यातले किस्से सारखेच साचतात. टाकवत नाहीत, आणि ठेवावेत कुठे तेही कळत नाही. कापसाने साऱ्यांचे कंबरडे मोडले होते, त्या वर्षांत वणीच्या एका दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या साथीवरील, तोंडाने घ्यायच्या नव्या लसीची पहिली चाचणी झाली. देखरेखीच्या समितीत डॉक्टर, वकील आणि ‘सामान्य माणूस’ म्हणून मी, एक कीर्तनकार! मी नेमके काय पाहायचे, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही.

*

पहिली चाचणी केवळ धडधाकट, मोठ्या माणसांवर. गॅरेजवाले रहीमभाई चक्रावले.

"पंक्चरच नाही, त ठिगळ कायले लावता, डॉक्टरसाहेब?"

 

*

निम्म्या बाटल्यांत लस, निम्म्यांत गोड पाणी. कोणत्या बाटलीत काय, हे देणाऱ्यालाही अज्ञात. मी म्हणालो, "निर्गुणाची उपासना म्हणतात ती हीच!"

मारेगावचे तुळशीराम हसले. "कायचं निर्गुण, बुवा! आमच्या इकडं फवारणीचं औषध असंच भेटते!"

*

याच तुळशीरामांनी डोस तळहातावर घेतला, तीर्थासारखा प्राशन केला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला!

डॉक्टरांनी वही उघडली. "बुवा, नोंद काय करू? पोटात किती, डोक्यावर किती?"

त्या दिवसापासून डोस थेट तोंडात. आणि तो गिळला की नाही, हे पाहायला मी उभा.

*

झरीकडच्या अनसूयाबाई, ऐन चाळिशीतल्या आजी. थोरला नातू जुलाबात गेलेला, धाकटा सहा महिन्यांचा. "त्यालेच द्या ना," त्या रोज विनवीत. लहान मुलांवर ही लस तपासलेलीच नाही, अपाय होईल, असे डॉक्टरांनी तीनदा समजावले.

त्यांच्या तोंडात डोस पडला. नर्सने नाव विचारले. बाई गप्प! गाल फुगलेला, पाय दाराकडे. तो घोट त्या नातवासाठी घरी नेत होत्या!

मी घाबरलो. मला काय सुचले कोण जाणे. कीर्तनात गर्जावे तसा मी गरजलो, "बोला, पुंडलिक वरदे!"

"हारि विठ्ठल!" सारी खोली म्हणाली. आणि घोट गिळून अनसूयाबाईही!

देवाचे नाव असे कामाला जुंपले, हे पाप की पुण्य, मला कळेना. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बुवा, लस असंन, त माह्या नातवाले नाही भेटली. अन् पाणीच असंन, त तुमी एवढे कायले घाबरले?"