मधमाश्यांना दिलेला निरोप

केझाया लस्कमच्या तोंडात तीळ भिजत नसे. इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यावरल्या कोल्डस्टो गावात कुणाची गाय व्यायली, कुणाचं लग्न मोडलं, हे पाद्र्यालाही तिच्याकडूनच कळायचं. साठी उलटलेली, बिनलग्नाची, आणि सहा मधपेट्यांची धनीण. घरात जे घडेल ते मधमाश्यांना खरं खरं सांगायचं, हा तिथला जुना रिवाज. लपवलं की माश्या रुसून निघून जातात म्हणे. आई वारली तेव्हा गडबडीत सांगायचं राहिलं आणि तीन पेट्या ओस पडल्या. तेव्हापासून केझायाने कानाला खडा लावला होता.

१९४३च्या नोव्हेंबरात हुकूम आला: वीस डिसेंबरच्या आत गाव रिकामं करा. अमेरिकी फौजेला किनारा सरावासाठी हवा होता. कसला सराव, पुढे कुठे जायचंय, ते कुणी सांगेना. गाव कुरकुरत सामान बांधू लागलं. केझायाने मात्र एक बशीसुद्धा हलवली नाही. शेवटी नौदलाचा लेफ्टनंट मेलर यादी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मिसरूड नुकतं फुटलेला पोरगा.

“बाई, अख्ख्या गावात तुमचंच घर राहिलंय.”

“माझं काही नाही हो, मी आत्ता निघते. पण माश्यांना काय सांगू?”

“कुणाला?”

तिने त्याला परसात नेऊन पेट्या दाखवल्या. “कारण सांगितल्याशिवाय यांना हलवता येत नाही. मला ते ठाऊक नाही, आणि यांना खोटं चालत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा.”

“गुप्त बाब आहे बाई.”

“मग? या काय जर्मनीला तार करणारेत?”

मेलरला हसू आलं. ते आवरून त्याने टोपी काढली, पेट्यांवर टकटक केलं आणि वाकून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते ऐकायला शेजारी फक्त केझाया होती. दुसऱ्याच दिवशी ती पेट्या घेऊन बारा मैलांवर बहिणीकडे राहायला गेली. गावातले बरेच जण त्याच भागात पांगले होते.

लेफ्टनंट माश्यांना काहीतरी सांगून गेला, एवढी बातमी फुटलीच. तेव्हा जर्मनांवरच्या येत्या हल्ल्याची जागा आणि तारीख केझायाला माहीत आहे, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. जुनी शेजारीण थर्झा पेड्रिक तर केक घेऊनच यायची.

“मला एकटीला सांग गं. फ्रान्स की नॉर्वे?”

“केक छान झालाय.”

गुत्तेवाल्याने तिला फुकटची सफरचंदाची दारू पाजून पाहिली. तीन पेले रिचवूनही बाईने ताकास तूर लागू दिली नाही. गाव सोडताना झाला नव्हता एवढा त्रास तिला या गप्प बसण्याचा झाला.

सहा जूनला रेडिओने सांगितलं, फौजा नॉर्मंडीत उतरल्या. दुपारपर्यंत अर्धं गाव बहिणीच्या अंगणात जमलं.

“आता तरी बोल,” थर्झा म्हणाली. “आता हिटलरलाही कळलंय.”

“त्या पोराला काहीच ठाऊक नव्हतं,” केझाया म्हणाली. “त्याने माश्यांना सांगितलं, ‘मलाही कारण सांगितलेलं नाही. तुम्हाला घरातून काढावं लागतंय, मला माफ करा.’ प्रत्येक पेटीला हेच पुन्हा सांगितलं. सहा वेळा.”

“एवढंच? मग लपवलंस कशाला?”

“सरकारी माणूस माफी मागतो, हे वर कळलं असतं तर त्याची धडगत होती का?”

हुकूम सगळ्यांना मिळाला होता, ट्रक मिळाले होते. माफी कुणीच मागितली नव्हती.

“आपल्याला काही म्हणाला का गं?” थर्झाने हळूच विचारलं.

“घरातून काढलेल्यांना म्हणाला ना,” केझाया म्हणाली. “त्यात आपण आलोच की.”