आपाच्या गच्चीवरचं सुकं गोश्त

लातुरात माझं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे: दोरे, बटणं, लेस. दर बुधवारी औशाच्या टेलरांना माल पोचवतो आणि दुपारी मोठ्या बहिणीकडं, आपाकडं जेवतो. त्या जेवणाबद्दल घरी मी खरं सांगत नव्हतो.

बीपी आणि साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं होतं. बायकोनं ते बंदच करून टाकलं. मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचंही आणि पोरींचंही. पोरींनी थोडे दिवस कुरकुर केली, मग त्याही मुकाट दोडक्यावर आल्या.

आपाकडं बकरी ईदनंतर गोश्ताच्या लांब पट्ट्या कापतात, मीठ-हळद चोळतात आणि गच्चीत दोरीवर वाळत घालतात. कावळे येऊ नयेत म्हणून वर जुनी ओढणी. खडखडीत वाळल्या की डब्यात भरून ठेवायच्या, लई दिवस पुरतात. तव्यावर भाजून, बत्त्यानं ठेचून, तेलात परतल्या की गरम भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

"आपा, गोश्त बंद है मेरा," मी पहिल्या वेळी म्हणालो.

"ये गोश्त कहाँ है? सूखा है. खा चुपचाप."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. रस नाही, रस्सा नाही, त्याला मटण कसं म्हणायचं? दर बुधवारी खात राहिलो.

बीपी काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. बायकोला वाटलं, तिच्याच स्वयंपाकात खोट आहे. "मेराच हात भारी है," म्हणत तिनं मीठ इतकं कमी केलं की डाळ नुसती पिवळ्या पाण्यासारखी लागायची. पापड गेला, लोणचं गेलं. मी खाली मान घालून जेवायचो.

पुढच्या तपासणीला ती सोबत आली. डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, मीच कुठं चुकून राहिले का?"

तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. तिथंच सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मटण कमी करा म्हणालो होतो मी, बंद नव्हे. आणि हे खारवून वाळवलेलं तर जास्त वाईट. बीपी चढतो, हृदयाला त्रास, वर्षानुवर्षं खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्ही नेमकं उलटं केलंत."

बाहेर येऊन आम्ही ऑटोत बसलो. तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "हम इधर दोडकी खा खाके सूख गए, और मियाँ औसे में दावत उडा रहे."

हसणं थांबल्यावर हळूच म्हणाली, "मतलब मेरा हात ठीक था."

 

आपाला तिनंच फोन केला. आपा थोडी रुसली, मग माझ्यासाठी मेथी करायला लागली, टोमण्यांसकट.

बीपी आता बराच उतरलाय. परवाच्या रविवारी बायकोनं दालचा केला: भरपूर डाळ, दुधी, चिंच आणि नावापुरतं मटण. पोरींनी बोलवायच्या आधीच ताटं मांडली. बायकोनं एक तुकडा माझ्या ताटात घातला. तो मी सगळ्यांच्या देखत, सावकाश चावून खाल्ला. आपाकडं जेवताना असायची तशी, घरी गेल्यावर काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात चालू नव्हती. असं जेवण बऱ्याच दिवसांनी झालं.